आंदणाचा किल्ला : विजापुरातला एक दिवस

सिद्धेश्वराच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आपणा सोलापूरकरांना आपला भुईकोट किल्ला रोज दिसतो, आणि रोज दिसणाऱ्या वस्तूचे जे होते तेच त्याचेही झाले आहे. तो कोणी बांधला, तो कोणाकोणाच्या हाती गेला, याची चौकशी करावी असे आपल्याला फारसे वाटत नाही. पण हा किल्ला लग्नाच्या बोलण्यात आंदण म्हणून दोन वेळा गोवला गेला होता, आणि त्या आंदणापायी दख्खनची दोन घराणी एकमेकांच्या उरावर बसली होती, ही हकीकत मोठी नवलाची आहे.

पहिले लग्न इ. स. १५२४ मधले. विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची भेट सोलापुरासच झाली आणि इस्माईलची बहीण मरियम ही बुऱ्हाणास दिली गेली. सोलापूरचा किल्ला व त्याच्या भोवतालचे साडेपाच परगणे वधूबरोबर द्यावयाचे ठरले होते, असे वरपक्षाचे म्हणणे पडले. असे कोणी काही कबूल केले असल्यास ते आम्हांस ठाऊक नाही, असे वधूपक्षाने उत्तर दिले. आपल्याकडे मांडवात असे प्रसंग येतात तेव्हा वडीलधारी मंडळी मध्ये पडतात. येथे दुसऱ्याच वर्षी बुऱ्हाणशहा वऱ्हाडच्या इमादशहाला आणि बेदरच्या बरीदाला बरोबर घेऊन सोलापुरावर चालून आला आणि पराभव पावून परत गेला. हे वृत्त लिहून ठेवणारा इतिहासकार फिरिश्ता हा प्रथम अहमदनगरास होता आणि मागाहून विजापूरच्या आश्रयास आला, म्हणजे दोन्ही व्याह्यांचे अन्न त्याने खाल्ले होते. खरे कोणाचे, हे त्यालाही ठासून सांगता आलेले दिसत नाही.

दुसरे लग्न चाळीस वर्षांनंतरचे, १५६४ च्या सुमाराचे. मधल्या काळात किल्ला अहमदनगरकरांच्या ताब्यात गेला होता. आता विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकजूट करावयाची होती, म्हणून हुसेन निजामशहाने आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर दिले. अलीची बहीण उलट अहमदनगरच्या घरात गेली. त्या मुलीचे नाव चांदबीबी. चाळीस वर्षे ज्या किल्ल्यासाठी माणसे मेली, तो अखेर एका मुलीच्या पदराला बांधून विजापुरास पोचला. पुढे जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या रणात, ज्याला आपण तालिकोटची लढाई म्हणतो, विजयनगर बुडाले आणि तिथल्या लुटीवर विजापूर उभे राहिले.

हे वाचल्यावर आपले गाव ज्या घरी आंदण गेले ते घर एकदा पाहून यावे, असे आमच्या मनात आले. येथे 'आम्ही' हा शब्द आदरार्थी नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. आमच्यापैकी एकाला बखरी आणि गॅझेटियर चाळण्याचा नाद आहे. दुसरी शाळेत गणित शिकवते आणि ऐतिहासिक वाक्याला 'कशावरून?' असे विचारण्याचा तिचा स्वभाव आहे. प्रवासाला अशी जोडी बरी असते. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघून रात्री घरी जेवायला येता येते. तरीही आमच्या ओळखीच्या किती घरांतून काशी, रामेश्वर झाले आहे, पण विजापूर नाही! याचे कारण उघड आहे. आपल्या मनात ते शत्रूचे गाव आहे. शाळेच्या पुस्तकात अफझलखान जेथून निघतो ते गाव, एवढीच त्याची आपल्याला ओळख.

होटगीला मुंबईचा मार्ग सोडून गाडी दक्षिणेला वळते. पूर्वी या मार्गावर मीटर गेजची लहान गाडी चालत असे; आता रूळ रुंद झाले. खिडकीबाहेर सारखी काळी जमीन, ज्वारी आणि तुरीची रानेच राने. भीमा ओलांडल्यावर पाट्यांवरची लिपी बदलते, पण ज्वारीचे कणीस बदलत नाही. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच मुंबई राज्यात होती. त्या वर्षी प्रांतरचना झाली आणि विजापूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुर झाले आहे. हे नाव नवे नाही, आदिलशाहीच्या आधीचेच आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आणि देवगिरीच्या यादवांच्या काळी ते विजयपुरच होते. जिभेला मात्र विजापूर हेच वळण पडले आहे, म्हणून येथे आम्ही तेच ठेवतो.

स्टेशनच्या बाहेर पडताच गोल घुमट समोर येतो. खरे म्हणजे तो बराच आधी, गाडीतूनच, दिसू लागलेला असतो. महंमद आदिलशहाची ही कबर. तो १६२७ साली गादीवर आला आणि १६५६ साली वारला. आमच्या बरोबरच्या वाटाड्याने हा जगातला दुसरा मोठा घुमट असल्याचे सांगितले, तेव्हा 'कशावरून?' हा प्रश्न आलाच. आम्ही पायरीवर बसून वहीत हिशेब मांडला. या घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट. रोमच्या पँथिऑनचा सुमारे १४२ फूट, सेंट पीटरचा सुमारे १३७ फूट. म्हणजे 'दुसरा' हे बिरुद या हिशेबाने टिकत नाही. पण पँथिऑनची भिंतच मुळी गोल आहे. घुमटाखाली जेवढे वर्तुळ तेवढीच तिथली जमीन, सुमारे १५,८०० चौरस फूट. येथे मात्र खालची खोली चौरस आहे, प्रत्येक बाजू सुमारे १३५ फूट, आणि जमीन भरते अठरा हजार चौरस फुटांवर. लहान घुमटाने मोठी जमीन झाकली आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. खरे कौतुक या गोष्टीचे आहे आणि ते वाटाड्याच्या वाक्यात येत नाही.

हे साधले कसे, ते आत गेल्यावर कळते. चारी भिंतींतून आठ कमानी अशा उभ्या केल्या आहेत, की त्या एकमेकींना छेदत वर चढतात आणि वर एक अष्टकोन तयार होतो. कागदावर एक चौकोन काढून त्यावर दुसरा चौकोन तिरका ठेवावा, म्हणजे मध्ये जी आकृती उरते तीच ही. या कमानींमुळे चौरसाचे कोपरे आत ओढले जातात आणि घुमटाला बसायला गोल कठडा मिळतो. घुमटाची भिंत तळाशी सुमारे दहा फूट जाड आहे. एवढे वजन बाहेरच्या बाजूला रेटा देणार हे उघडच. पण कमानींवर आत झुकलेले बांधकाम स्वतःच्या भाराने आत ओढत राहते, आणि बाहेरचा रेटा व आतली ओढ एकमेकांना धरून ठेवतात. विटा आणि चुना यांवर हे साडेतीनशेहून अधिक वर्षे उभे आहे. बांधणारा कारागीर दाभोळचा याकूत होता, असे परंपरेने सांगतात. तसे असेल तर या घुमटात कोकणच्या डोक्याचाही वाटा आहे.

कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून वर चढून आपण आतल्या सज्ज्यावर येतो. हीच ती प्रसिद्ध जागा. पोरे येऊन आरोळ्या ठोकू लागली की तिथे बाजार होतो; म्हणून आम्ही सकाळीच गेलो होतो. आम्ही समोरासमोरच्या दोन टोकांना भिंतीशी बसलो. मध्ये घुमटाची सगळी रुंदी. पलीकडून भिंतीला तोंड लावून हळूच शब्द आले, "अहो, निघताना दुधाचं पातेलं झाकलं होतं का?" आणि तो प्रश्न जणू कानाशी बसूनच विचारला होता. "झाकलं होतं गं," हे उत्तरही तसेच गेले. पण ते भिंतीशी न बोलता मोकळ्या आवाजात दिल्यामुळे घुमटाने पातेले झाकल्याची ग्वाही पुनःपुन्हा दिली. ज्या बादशहाने शेवटची वर्षे आजारात काढली आणि ज्याचा कारभार बराचसा त्याची बेगम पाहत होती, त्याच्या डोक्यावर असली बोलणी चालावीत यात आम्हांला तरी काही गैर वाटले नाही.

खाली चौथऱ्यावर त्याच्या, त्याच्या बेगमांच्या आणि रंभा नावाच्या नर्तकीच्या कबरी आहेत. आपल्या इतिहासाशी या माणसाचा संबंध फार जवळचा. निजामशाही बुडाल्यावर १६३६ साली शहाजीराजे याच्याच चाकरीत आले. याच्याच हुकमाने १६४८ मध्ये जिंजीच्या वेढ्यात त्यांना कैद झाली, आणि दुसऱ्या वर्षी सुटका झाली ती कोंढाणा परत देण्याच्या बोलीवर. बाल शिवाजीराजांनी विजापूरच्या दरबारात कुर्निसात करण्याचे नाकारले ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती उशिराच्या बखरींतली आहे, तिला समकालीन आधार नाही. पण ज्या वर्षांत हा प्रचंड घुमट विटेवर वीट चढत होता, त्याच वर्षांत मावळात तोरणा, राजगड यांची डागडुजी चालली होती, याला मात्र आधार लागत नाही. येथे दौलत मेल्यानंतरच्या निवाऱ्यावर खर्च होत होती.

जुम्मा मशिदीत आम्ही फार थांबलो नाही. ती अली आदिलशहाने तालिकोटनंतर सुरू केली आणि ती पुरी कधी झालीच नाही. पुढचे मनोरे राहून गेले. तिच्या फरशीवर काळ्या रेघांनी एकेका नमाज्याची जागा आखलेली आहे. अशा २,२५० जागा. ही आखणी औरंगजेबाच्या काळची. तिथला मौल्यवान गालिचा त्याने नेला आणि बदल्यात रेघा दिल्या, असे गावात सांगतात. आसार महालात स्त्रियांना प्रवेश नाही, म्हणून आम्ही दोघेही बाहेरच थांबलो आणि समोरचे पाणी पाहून पुढे निघालो.

आर्किल्ला हा गावातला आतला किल्ला. त्यात गगन महालाची मोठी कमान आहे, रुंदी सुमारे साठ फूट. लाकडी छत कधीच गेले. कमान तेवढी आकाश धरून उभी आहे. येथेच १२ सप्टेंबर १६८६ नंतर औरंगजेबाने दरबार भरवला आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या सिकंदर आदिलशहाला त्याच्यासमोर आणण्यात आले. चांदीच्या बेड्या घालून आणले, असे म्हणतात. बेड्या चांदीच्या असल्या तरी कैद कैदच. तो १७०० साली कैदेतच मेला. आदिलशाहीच्या जवळजवळ दोनशे वर्षांचा शेवट झाला तो या कमानीखाली.

पण आमच्या मनात राहिली ती जवळचीच एक लहानशी जागा. खंदकाच्या कडेला पिंपळाखाली नरसोबाचे देऊळ आहे आणि लोक त्याचे नाव दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाशी जोडतात. हा इब्राहीम १५८० ते १६२७ एवढा दीर्घ काळ राज्यावर होता. संगीताचा षोकी, 'किताब-ए-नवरस' हा त्याचा पदांचा ग्रंथ, आणि त्याच्या आरंभी सरस्वतीचे स्मरण आहे. अकबराकडून आलेल्या असद बेग नावाच्या वकिलाने नोंदले आहे, की या बादशहाला फारशी बोलताना अडखळायला होई आणि मराठी मात्र सहज येई. याच्या आधीच्या पहिल्या इब्राहीमाने जमाखर्चाचे दप्तर फारशीतून काढून देशी लेखकांच्या हाती दिले होते. त्यामुळे गावगाड्याचा हिशेब, वतनांचे निवाडे, वसुलाचे कागद मोडीत होऊ लागले. आदिलशाही फर्माने पाहिली तर कित्येकांवर वर फारशी आणि खाली मराठी असते. शत्रूचे गाव म्हणून आपण ज्याकडे पाठ फिरवतो, तिथल्या कचेरीत बसून आपले आजे-पणजे आपल्याच भाषेत लिहीत होते! मराठ्यांच्या राज्याला पुढे कारकून आणि कारभारी कोठून मिळाले, याचे उत्तर शोधताना शिवनेरी आणि राजगड यांच्याबरोबर या आर्किल्ल्याचीही पायरी चढावी लागते. शिवाजी महाराजांनी फारशी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवला, तो या दप्तराच्या सवयीवर केलेला उपाय होता. सवय होती म्हणून उपाय लागला.

दुपारी एका खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरल्या वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी जेवलो. शेंगाचटणी आपली की त्यांची, या वादात आम्ही पडलो नाही.

जेवणानंतर टांग्याने मुलूख-ए-मैदान. शेरजा बुरुजावरची ही तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतलेली आहे. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी. काशासारख्या मिश्रधातूची, लांबी चौदा फुटांवर, वजन पंचावन्न टन सांगतात. तोंड सिंहाच्या जबड्यासारखे केले आहे आणि दातांत हत्ती चिरडलेला आहे. विजापूरच्या कारागिरीचे उदाहरण म्हणून लोक ती पाहून जातात. पण ती विजापूरची नव्हेच. ती निजामशाहीची, परांड्याच्या किल्ल्यावरची. १६३२ च्या सुमारास मुरार जगदेव या ब्राह्मण मुत्सद्द्याने ती तिथून येथे आणली. शेकडो बैल आणि हत्ती लावून हे धूड परांड्याहून विजापुरास ओढत आणले, म्हणजे ते आपल्याच मुलखातून गेले असणार. तिची जोडीदारीण भीमेत बुडाली, अशी दंतकथा आहे.

मुरार जगदेवाचे नाव पुण्याच्या इतिहासात वेगळ्या कारणाने येते. १६३० साली शहाजीराजांची जहागीर असलेले पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला गेला, तो याच्याच हुकमाने. पुढे जिजाबाईंनी आणि दादोजींनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून ते गाव वसवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण पहिला नांगर फिरवणाऱ्याचा धर्म कोणता, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. या मुरारपंताला त्या नेकीचे फळ काय मिळाले? १६३५ साली दरबारातल्या तंट्यात विजापुरातच त्याचा हालहाल करून वध झाला.

तोफेच्या उत्तरकाळाची गोष्ट तर फारच आपली आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी हे विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींकडे दिले होते. म्हणजे शहाजीराजांना जिथे बेड्या घालून आणले, त्या गावावर त्यांच्याच वंशजांचा तीस वर्षे अंमल होता! १८४८ साली सातारा खालसा झाले आणि त्याबरोबर विजापूरही गेले. १८५४ साली सरकारने निरुपयोगी वस्तू म्हणून या तोफेचा लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. किंमत कमी येते आहे, असे वाटून वरिष्ठांकडे विचारणा झाली आणि विक्री रद्द झाली. आमच्यातल्या गणितवालीने तिथल्या तिथे भागाकार केला: टनाला पावणेतीन रुपयांहूनही कमी. त्या अनाम बोली लावणाऱ्याने ती नेली असती तर तिच्या घंटा झाल्या असत्या किंवा भांडी.

इब्राहीम रोजा हा गावाच्या पश्चिमेला, तटाबाहेर. गोल घुमट पाहून मान दुखते, येथे डोळे निवतात. एका चौथऱ्यावर समोरासमोर मशीद आणि कबर, मध्ये कारंजे. सज्ज्याच्या खाली दगडात कोरलेल्या साखळ्या. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे नुसती अक्षरे, आणि अक्षरांमधल्या फटींतून प्रकाश आत येतो. मूळ ही कबर ताज सुलताना या राणीसाठी मलिक संदल याने बांधायला घेतली. पण इब्राहीम तिच्या आधी गेला, म्हणून पहिला मुक्काम त्याचा झाला आणि नाव त्याचे पडले. बांधकामाचा खर्च शिलालेखात दिला आहे: दीड लाख नऊशे होन. वरचे नऊशेसुद्धा दगडावर कोरून ठेवणारा हिशेबनीस आम्हां दोघांनाही आवडला.

तिथून पुढे आम्ही साठ कबरीला गेलो. येथे बहुतेक लोक जात नाहीत. शेतांच्या मध्ये एका चौथऱ्यावर ओळींनी मांडलेल्या साठांहून अधिक कबरी, सगळ्या स्त्रियांच्या, सगळ्या एका मापाच्या. कथा अशी : १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर निघण्यापूर्वी आपण परत येणार नाही असे भविष्य अफझलखानाला कळले, म्हणून त्याने आपल्या बायकांना जवळच्या विहिरीत लोटून मारले. मराठी माणसाला ही कथा पटकन पटते, कारण खान आपल्याला तसाच हवा असतो. आम्ही तिथे बराच वेळ वाद घातला. एका जनानखान्याचे हे दफनस्थान असेल, वर्षानुवर्षांच्या कबरी एका नमुन्याने बांधल्या असतील, असे आमच्यापैकी एकाचे मत. "असेल," दुसरी म्हणाली, "पण तुमचं म्हणणं खरं असो की वाटाड्याचं, यांतल्या एकीचंही नाव लिहिलेलं नाही. तोफ कोणी ओतली ते लिहिलंय, होन किती लागले ते लिहिलंय." यावर उत्तर नव्हते. आम्ही कबरी मोजल्या नाहीत.

याच अफझलखानाचे आणखी एक काम विजापुरात आहे आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. विजापूर हे कोरड्या माळावरचे शहर. मोठी नदी जवळ नाही, पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा. तालिकोटनंतर माणसे लोटली तसे पाणी पुरेना, तेव्हा तोरवीकडून जमिनीखालून पाट आणले. महंमदशहाच्या वेळी गावाच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधला आणि मातीच्या नळांनी त्याचे पाणी गावात खेळवले. वाटेत जागोजागी चौकोनी उंच हौद आहेत; त्यांना गंज म्हणतात. पाणी त्यांत चढते, गाळ खाली बसतो आणि दाब कमी होऊन नळ फुटत नाहीत. या जलवाहिनीच्या लेखात काम करवणारा म्हणून अफझलखानाचे नाव येते, असे अभ्यासक सांगतात. प्रतापगडच्या पायथ्याचा खान आम्ही विसरणार नाही, आणि विसरण्याचे कारणही नाही. पण नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात ज्यांचे दिवस गेले आहेत त्या सोलापूरकरांनी ते गंज बघावे, एवढे मात्र म्हणावेसे वाटते. यांतले पुष्कळसे कोरडे उभे आहेत. मक्का दरवाजाजवळची ताज बावडीही किती तरी वर्षे घाणीने भरलेली होती. अलीकडे तिचा गाळ उपसला आहे. १६२० साली बांधलेली ही बावडी, मलिक संदलाचीच, त्याच ताज सुलतानेच्या नावाची. दारावर पस्तीस फूट रुंदीची कमान आणि आत पायऱ्या उतरत गेल्यावर अचानक समोर येणारे मोठे चौरस पाणी. एका विहिरीला एवढा दिमाख!

पण ताज बावडी ज्या नमुन्यावरून केली ती चांद बावडी तिच्यापेक्षा लहान आणि जुनी. १५७९ ची. ही अली आदिलशहाने बांधवली आणि तिला नाव दिले आपल्या राणीचे, सोलापूर घेऊन आलेल्या चांदबीबीचे. संध्याकाळी गाडीला तासभर होता, तेव्हा आम्ही शेवटी तिथे गेलो.

या बाईचे पुढे जे झाले ते आपल्या इतिहासात दोन ओळींत येते, म्हणून थोडे सांगतो. बावडी पुरी झाल्यावर वर्षाच्या आत, १५८० मध्ये, अलीचा महालातच खून झाला. मूल नव्हते. पुतण्या इब्राहीम नऊ-दहा वर्षांचा. तोच पुढे नवरसकर्ता झाला. त्याला गादीवर बसवून कारभार चांदबीबीने पाहिला. किश्वरखान नावाच्या सरदाराला हे सहन झाले नाही. त्याने तिला धरून आपल्या साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. तिथून ती सुटून परत आली, तिने पुन्हा कारभार हाती घेतला आणि मुलगा मोठा झाल्यावर माहेरी अहमदनगरास गेली. १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेने तिथला किल्ला वेढला. सुरुंगाने तट पडला, तेव्हा ती स्वतः भगदाडाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत उचलून घेतली. वऱ्हाड देऊन तिने किल्ला वाचवला. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. ती तहाचे बोलणे करते आहे, फितूर झाली आहे, अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. सासर आणि माहेर दोन्ही एका बाईने सांभाळले, आणि दोन्हीकडे तिचा घात झाला तो घरच्यांकडूनच.

आणि तिच्याबरोबर आलेले सोलापूर? १६२४ साली भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने विजापूरकरांचा मोड केला. शहाजीराजांचे नाव प्रथम गाजले ते याच रणात. त्यानंतर अंबरने इब्राहीमाची लाडकी नवरसपूर लुटली आणि सोलापूरचा किल्ला घेतला. १६३६ च्या तहात तो पुन्हा विजापुरास मिळाला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १६६८ मध्ये, दुसऱ्या अलीने मोगलांशी तह केला आणि सोलापूर औरंगजेबाला देऊन टाकले. या खेपेला लग्न नव्हते. चांदबीबीला जाऊन तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती.